लाइटरूम ६ नंतर काय? रंगमंचाचे फोटो काढणाऱ्या दोघांचं एक प्रकरण

नवा कॅमेरा आला आणि जुनं सॉफ्टवेअर त्याच्या फाइली उघडेना. सुरुवात एवढ्यावरूनच झाली.

काका आणि पुतणी मिळून नाटकांचे आणि नृत्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढतात. काकांची उमेदीची वर्षं कॅननच्या डीएसएलआरवर गेली, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती ठेवणाऱ्या फाइलींत, काढून लाइटरूम ६ या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचे हा त्यांचा शिरस्ता. पुतणीने कॅननचाच मिररलेस कॅमेरा घेतला, त्यामुळे लेन्सचा प्रश्न सुटला, पण फाइलींचा उभा राहिला. लाइटरूम ६ हे २०१५चं. एकदा पैसे भरून कायमचं घेता येणारी ही लाइटरूमची शेवटची आवृत्ती. तिचं शेवटचं अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७मध्ये आलं. कॅननने ईओएस एम५०बरोबर सीआर३ हा नवा रॉ प्रकार आणला तो २०१८मध्ये. जुन्या डीएसएलआरच्या सीआर२ फाइली लाइटरूम ६ अजूनही बिनबोभाट उघडतं. सीआर३ त्याला कधीच उघडणार नाही.

तात्पुरती सोय होती. अडोबीचं मोफत डीएनजी कन्व्हर्टर सीआर३ची डीएनजी, म्हणजे अडोबीच्या स्वतःच्या रॉ प्रकारातली फाइल, करून देतं आणि ती लाइटरूम ६ घेतं. काही कार्यक्रम त्यावर निभावले. पण रात्री उशिरा घरी येऊन आधी सगळं कार्ड उतरवायचं, मग सगळ्याची डीएनजी करायची, मग ते लाइटरूममध्ये आणायचं, यात दोघांचाही जीव जात होता. शिवाय मूळ सीआर३ टाकून द्यायचा धीर होत नाही, कारण कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल डीएनजी उघडत नाही. म्हणजे प्रत्येक फोटो डिस्कवर दोनदा.

काकांनी मला विचारलं ते असं: "सगळ्यात चांगलं रॉ कन्व्हर्टर कोणतं, तेवढं सांग." (रॉ कन्व्हर्टर म्हणजे रॉ फाइलीवरून फोटो तयार करणारं सॉफ्टवेअर.) असं एक काही नसतं, असं मी म्हटल्यावर ते जरा वैतागले. पुतणीचं उत्तर आधीच ठरलेलं होतं: डार्कटेबल. मोफत आहे, मुक्त आहे (कोड सगळ्यांना खुला), उद्या कोणी वर्गणी वाढवली म्हणून अडायला नको. काकांना वर्गणी नको होती हे खरं, पण डार्कटेबलचा पडदा पाहून त्यांचं मत होतं, "हे फोटो करायचं आहे की विमान चालवायचं?"

तेव्हा सॉफ्टवेअर बाजूला ठेवून आधी कामाचं बोललो. कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री निवडक फोटो आयोजकांना जायला हवेत, उरलेले आठवड्याभरात. निवड काका करतात, एडिटिंग पुतणी करते, आणि दोघांचे संगणक वेगळे. लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि त्यांवर केलेल्या कामाची नोंदवही, एका वेळी एकाच माणसाचा. तो नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून दोघांनी वापरायची सोय नाही. म्हणून काका निवड संपवेपर्यंत पुतणी नुसती बसून. ही अडचण नव्या कॅमेऱ्यामुळे आली नव्हती. ती जुनीच होती, अंगवळणी पडलेली.

जुन्या कामाचं काय

काकांचा जीव अडकला होता तो जुन्या कॅटलॉगमध्ये. लाखभर फोटो, आणि त्यातल्या कितीतरींवर मन लावून केलेलं काम. दुसरीकडे गेलो तर ते सगळं जाणार, ही धास्ती. ती पूर्ण खरी नव्हती, पूर्ण खोटीही नव्हती, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

रॉ एडिटर मूळ फाइलीला हात लावत नाही. एक्स्पोजर किती वाढवलं, कुठे कापलं, सावल्या किती उचलल्या, हे सगळं सूचना म्हणून वेगळं लिहून ठेवतो. लाइटरूममध्ये या सूचना कॅटलॉगमध्ये असतात, आणि तो कॅटलॉग म्हणजे एक एसक्यूलाइट डेटाबेस. आपण सांगितलं तर त्याच सूचना फोटोशेजारी छोट्या एक्सएमपी फाइलीतही लिहिल्या जातात. पण ते आपोआप होत नाही, सेटिंग चालू करावं लागतं. काकांकडे ते कधीच चालू नव्हतं.

आता या सूचना दुसरं सॉफ्टवेअर वाचतं का? तारे, कीवर्ड, कॅप्शन वाचतं, कारण ते सगळ्यांना समजेल अशा ठरलेल्या रीतीने लिहिलेले असतात. पण 'हायलाइट उणे ६०' याचा अर्थ फक्त लाइटरूमलाच कळतो. दुसऱ्याचं गणित वेगळं, स्लायडर वेगळा. कॅप्चर वन हे दुसरं रॉ कन्व्हर्टर लाइटरूमचा कॅटलॉग आयात करतं आणि क्रॉप, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर असं ढोबळ काही आणतं. डार्कटेबलही लाइटरूमच्या एक्सएमपीतून थोडंफार उचलतं. दोन्हीकडे जे येतं त्याला मी कच्चा आराखडा म्हणेन. तयार फोटो म्हणून ते आयोजकांच्या हातात देता येणार नाही. सगळं जसंच्या तसं हवं तर एकच वाट: आजचं, वर्गणीवर मिळणारं लाइटरूम क्लासिक. ते लाइटरूम ६चा कॅटलॉग नव्या रूपात करून घेतं आणि जुनी प्रत तशीच राहू देतं.

इथे मी काकांना एक प्रश्न विचारला आणि प्रकरणाची दिशा बदलली ती त्यामुळे. "जुना फोटो उघडून त्याचं एडिटिंग शेवटचं कधी बदललंत?" त्यांना आठवेना. आयोजक जुने फोटो मागतात, नेहमी मागतात. पण मागतात ते तोच फोटो, मोठ्या आकारात. नवं एडिटिंग कोणाला नको असतं. म्हणजे जपायचा होता तो तयार झालेला फोटो. स्लायडर कुठे होते हे जपून कोणाचंच काही भलं होणार नव्हतं. तयार फोटो जपायला पूर्ण आकाराचं एक्स्पोर्ट पुरतं.

मग हिशेब सोपा झाला. महत्त्वाच्या फोटोंचं १६ बिट टिफ (दर्जा न घटवणारी, पण मोठी फाइल), बाकीच्यांचं उत्तम दर्जाचं जेपेग. सगळ्यांचंच टिफ करायचा मोह टाळायला हवा: २४ मेगापिक्सेलचा फोटो, तीन रंग, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे कॉम्प्रेशनशिवाय एकेक फाइल १४४ एमबी. लाखाच्या संख्येत ते परवडणारं नाही आणि गरजही नाही.

एक्स्पोर्टच्या आधी मात्र एक किचकट काम होतं. लाइटरूम ६ मध्ये सगळ्याच गोष्टी एक्सएमपीत उतरत नाहीत. पसंत-नापसंतचे झेंडे उतरत नाहीत, कलेक्शन उतरत नाहीत, व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या एडिटिंगच्या नोंदी) उतरत नाहीत. आणि काकांची निवडीची सगळी पद्धत झेंड्यांवर! म्हणून आधी झेंडा असलेले फोटो गाळून त्यांना तारे दिले, कलेक्शनच्या नावांचे कीवर्ड केले, आणि मगच सगळं निवडून मेटाडेटा फाइलींमध्ये लिहायची आज्ञा दिली. हा क्रम उलटा झाला असता तर वर्षानुवर्षांची निवड त्या कॅटलॉगमध्येच कोंडून राहिली असती.

सॉफ्टवेअर बंद पडणं ही काही कल्पनेतली भीती नाही. ॲपलचं ॲपर्चर २००५मध्ये आलं, चांगलं नावाजलं गेलं, २०१४मध्ये कंपनीने ते थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि २०१९च्या मॅकओएस कॅटलिनावर ते चालेनासं झालं. ज्यांनी तारे, कीवर्ड आणि तयार फोटो बाहेर काढून ठेवले होते त्यांचा त्रास थोडक्यात आटोपला.

निळ्या उजेडातला चेहरा

आता तुलना. लोक इथे एकच रॉ फाइल चार सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, सेटिंग न बदलता शेजारी ठेवतात आणि निकाल देतात. त्याला काही अर्थ नाही. प्रत्येकाची सुरुवातीची टोन कर्व्ह (उजेड-सावलीचं प्रमाण ठरवणारी रेषा) वेगळी, शार्पनिंग वेगळं, मूळ उजळपणा वेगळा. एकाकडचे व्हाइट बॅलन्सचे ५२०० केल्विन दुसऱ्याकडच्या ५२०० केल्विनसारखे दिसतीलच असं नाही. उघडल्याबरोबर जो जास्त चटकदार दिसतो तो जिंकतो, आणि आपण दर्जा समजून कोणाची तरी आवड विकत घेतो.

म्हणून चांगले फोटो घेतलेच नाहीत. उन्हातला, नीट एक्स्पोज केलेला फोटो कुठलंही सॉफ्टवेअर छान करतं. काकांना सांगितलं, तुमचे सगळ्यात त्रासदायक फोटो द्या. त्यांनी दिलेल्यांत एक असा होता की सगळी परीक्षा तिथेच झाली. नर्तिकेच्या चेहऱ्यावर डावीकडून गडद निळा एलईडी, समोरून अगदी थोडा पिवळसर उजेड, आयएसओ ६४००. गालाच्या निळ्या बाजूला त्वचेचा पोत दिसतच नव्हता. एकसलग निळा डाग, आणि कडेला जांभळी रेघ.

अशा फोटोत आधी पाहायचं ते हे, की माहिती खरंच गेली आहे का. कॅमेऱ्याच्या मागे दिसणारा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्याच्यावर विसंबून भागत नाही. फास्टरॉव्ह्यूअरसारखं सॉफ्टवेअर रॉ फाइलीतल्याच आकड्यांचा हिस्टोग्राम दाखवतं, रंगवार. सेन्सरवर बायर पद्धतीची जाळी असते, प्रत्येक चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल, एक निळा. एकेका पिक्सेलला एकच रंग कळतो आणि उरलेले दोन कन्व्हर्टर शेजाऱ्यांवरून ठरवतो. १४ बिट फाइलीत प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या. निळा शेवटच्या पायरीला टेकला असेल तर तिथला निळ्याचा चढउतार कोणीच परत आणू शकत नाही, मग किती का पैसे मोजा. काकांच्या फाइलीत निळा बराच वर होता, पण टेकलेला नव्हता. लाल आणि हिरवा जवळजवळ रिकामे. म्हणजे सेन्सरने गालाचा पोत टिपला होता. तो हरवत होता तो रूपांतरात, कारण एवढा शुद्ध निळा एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगसंचाच्या, आवाक्यात मावत नाही आणि मावत नाही तो भाग सपाट कापला जातो.

ही गोष्ट कळल्यावर तुलनेला धार आली. लाइटरूममध्ये प्रोफाइल बदलून कॅमेरा न्यूट्रल घेतलं आणि कॅलिब्रेशनमधलं निळ्याचं सॅच्युरेशन खाली आणलं, तेव्हा गाल बराचसा परत आला. ही युक्ती काकांना त्यांच्या लाइटरूम ६ मध्येही चालली असती. इतकी वर्षं त्या डागासाठी ते प्रकाशयोजनाकाराला दोष देत होते. कॅप्चर वनमध्ये लिनियर कर्व्ह घेऊन निळ्याचं सॅच्युरेशन हळूहळू उतरवावं लागलं; निकाल चांगला, पण पहिल्या फोटोला वेळ गेला. पुढच्या फोटोंवर तेच सेटिंग चिकटवता आलं. डार्कटेबलमध्ये कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये गॅमट कॉम्प्रेशन नावाची, आवाक्याबाहेरचे रंग आत बसवणारी, खास याच दुखण्यासाठीची सोय आहे, आणि सिग्मॉइड या टोनच्या मॉड्यूलबरोबर ती वापरल्यावर निळ्याकडून त्वचेकडे येणारा उतार सगळ्यांत मऊ दिसला. पुतणीने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "अगं, छान आहे, मी नाही कुठे म्हणतोय? पण हे मला रात्री साडेबाराला जमायचं नाही."

नॉइजच्या, म्हणजे फोटोत दिसणाऱ्या दाण्यांच्या, बाबतीत डीएक्सओ फोटोलॅबचं डीपप्राइम स्पष्टपणे पुढे होतं. ते नॉइज काढण्याचं काम डीमोझेइकबरोबरच, म्हणजे जाळीतल्या पिक्सेलचे उरलेले रंग ठरवतानाच, करतं, म्हणून वस्त्राची वीण न पुसता दाणे जातात. अडोबीनेही २०२३मध्ये लाइटरूमला तशी सोय दिली. पण मागच्या रांगेतल्या लहान चेहऱ्यांकडे नीट पाहिलं तर मला ती स्वच्छता पटली नाही. जिथे माहितीच नव्हती तिथे डोळ्यांच्या जागी काहीतरी रचलेलं, मेणाच्या बाहुलीसारखं. पोस्टरसाठी ठीक, पण ज्या नर्तिकेचा तो चेहरा आहे तिला तो आपला वाटेल का, मला शंका आहे. काकांना त्यात वावगं दिसलं नाही. शिवाय दोघांचेही लॅपटॉप जुने, ताकदवान ग्राफिक्स कार्ड नाही. प्रत्येक फोटोमागे एक्स्पोर्टला रेंगाळणारं सॉफ्टवेअर रात्रीच्या कामाला नको. चाळीस सेकंद किरकोळ वाटतात, पण चारशे फोटोंना तेच साडेचार तासांच्या आसपास जातात.

रॉथेरपीही उघडून पाहिलं. बारीक तपशील फार सुरेख काढतं. पण त्यातल्या डीमोझेइकच्या पर्यायांच्या यादीनेच काका बाद झाले. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल मोफत आहे, रंग अगदी कॅमेऱ्यासारखे देतं, आणि शेकडो फोटोंच्या कामात मंद आहे. एक-दोन फोटोंसाठी ते संगणकावर असू द्यावं, एवढंच.

वेळ जात होता दुसरीकडेच

तुलना करताना एक गोष्ट लक्षात आली जी आम्ही शोधतही नव्हतो. रात्रीचा बराचसा वेळ कन्व्हर्जनमध्ये जातच नव्हता. तो जात होता निवडीत, आणि त्यातही पुढच्या फोटोचा प्रीव्ह्यू तयार होण्याची वाट बघण्यात. प्रत्येक रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेलं जेपेग असतंच. फोटो मेकॅनिकसारखी निवडीची सॉफ्टवेअर तेच दाखवतात, म्हणून फोटो बाण दाबल्याबरोबर बदलतो. डोळे मिटलेत का, हात कापला गेलाय का, एवढं ठरवायला ते जेपेग भरपूर झालं. तारे एक्सएमपीत लिहिले जातात आणि पुढचं सॉफ्टवेअर ते वाचतं.

काकांनी एका कार्यक्रमाची निवड अशी करून पाहिली आणि त्यांचा सूरच बदलला. कन्व्हर्टरवरून चाललेला वाद त्यानंतर खूपच सौम्य झाला, कारण आता कन्व्हर्टरला हजार फोटो पाहायचे नव्हते, निवडलेले शे-दीडशे करायचे होते.

एक बारीक खाचखळगा इथे आडवा आला. अडोबीच्या रीतीने एक्सएमपी फाइलीचं नाव म्हणजे फोटोचंच नाव, फक्त शेवटचं सीआर३ जाऊन त्याजागी एक्सएमपी. डार्कटेबल मात्र सीआर३सकट पूर्ण नाव ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडतं. फोटो पहिल्यांदा आत घेताना ते पहिल्या प्रकारची फाइलही वाचतं आणि तारे उचलतं. पण त्यानंतर स्वतःचीच फाइल मानतं. म्हणजे पुतणीने फोटो डार्कटेबलमध्ये घेतल्यावर काकांनी पलीकडे दोन तारे वाढवले, तर ते तिला आपोआप दिसणार नाहीत. म्हणून नियम केला: काकांनी निवड पूर्ण केल्याशिवाय फोल्डर तिच्याकडे जाणार नाही.

काय ठरलं

मी सुचवलं होतं एक, ठरलं वेगळं. माझा कौल लाइटरूम क्लासिकच्या वर्गणीला होता: कॅटलॉग जसाच्या तसा, काकांना नवीन काही शिकायला नको, निळ्या चेहऱ्याचा इलाज माहीत झालेला. वर्गणी थांबली तरी फोटो कोंडले जात नाहीत. डेव्हलप आणि नकाशा बंद होतो, पण फोटो पाहता येतात, एक्स्पोर्टही करता येतात. हे काकांना माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही ते हलले नाहीत. "दर महिन्याला कोणाला तरी विचारून माझं दुकान उघडायचं, हे मला नको." यावर काय बोलणार? हा दर्जाचा मुद्दा नाही, स्वभावाचा आहे, आणि रोज जो माणूस ते वापरणार त्याचा स्वभाव जमेत धरावाच लागतो.

शेवटी रात्रीच्या कामासाठी कॅप्चर वन घेतलं, कायमच्या परवान्याचं. त्याचं कारण रंग नव्हते, सेशन होतं. कॅप्चर वनमध्ये कॅटलॉगऐवजी प्रत्येक कामाचं स्वतंत्र सेशन करता येतं, सेटिंग्ज फोटोंच्याच फोल्डरमध्ये राहतात, आणि तो फोल्डर उचलून दुसऱ्याच्या संगणकावर ठेवला की सगळं तिथे. एक कार्यक्रम, एक सेशन. काका निवड संपवतात, फोल्डर पुतणीकडे जातो, आणि काका पुढच्या कार्डाला लागतात. एक्सएमपीतले तारे कॅप्चर वनने वाचावेत यासाठी त्याच्या सेटिंग्जमध्ये साइडकारचा (म्हणजे फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलीचा) पर्याय 'लोड'वर ठेवावा लागतो. तो आधी बंद होता आणि पहिल्या सेशनमध्ये सगळे फोटो बिनताऱ्यांचे दिसले, तेव्हा थोडी धावपळ झाली.

कायमचा परवाना म्हणजे कायमची निश्चिंती नव्हे, हे मात्र दोघांना स्पष्ट सांगितलं. पुढे नवा कॅमेरा घेतला आणि त्याच्या फाइली या आवृत्तीला कळल्या नाहीत तर हाच प्रसंग परत येईल. मुक्त सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही: २०१८च्या सीआर३ला डार्कटेबलमध्ये आधार मिळाला तो २०२१च्या अखेरीस, ३.८ आवृत्तीत. कॅमेरा घ्यायच्या आधी आपल्या सॉफ्टवेअरची कॅमेऱ्यांची यादी पाहायची, हे काम आता पुतणीकडे आहे.

आणि डार्कटेबल? ते तिने सोडलेलं नाही. प्रदर्शनाला जाणारे, मोठे छापायचे फोटो ती त्यातच करते. मला दोन कन्व्हर्टर ठेवणं पसंत नाही. दोन ठिकाणी सवयी लावायच्या, दोन ठिकाणी एकाच फोटोचे दोन चेहरे, आणि वर्षभराने कोणता अंतिम हे शोधत बसायचं. तिचं म्हणणं, "काका रात्री घाईत करतात ते काम, आणि मी निवांत करते ते वेगळं." निदान डार्कटेबलमधून निघालेल्या टिफला वेगळं फोल्डर असावं, एवढं तिने मान्य केलं आहे.

जुना संगणक लाइटरूम ६ सकट तसाच ठेवला आहे. त्यावर नवं काही टाकायचं नाही, अपडेटही नाही, कारण तो बसला तर ते सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा सुरू करता येईलच याचा भरवसा नाही. महत्त्वाच्या फोटोंचं टिफ झालं आहे, जेपेग बहुतेक झाली आहेत. राहिल्या आहेत त्या व्हर्च्युअल कॉप्या. एकाच फोटोच्या काळ्यापांढऱ्या आणि रंगीत अशा दोन-दोन, काकांनी हौसेने केलेल्या. त्या एक्सएमपीत नाहीत, त्यामुळे एकेक पाहून एक्स्पोर्ट करणं हाच मार्ग, आणि कोणती ठेवायची हे काकांशिवाय कोणी ठरवू शकत नाही.